भेगेचा गोल

ईशान आणि मीरा,

गेल्या रविवारी फोनच्या पडद्यावर तुम्ही दोघं माझ्यासमोर भांडत होतात. ईशानचं म्हणणं, त्याचा तो खेळाडू सगळ्यांत मोठा, कारण त्याचे गोल सगळ्यांत जास्त. मीराचं म्हणणं, बाबांच्या लहानपणी खेळायचा तो मोठा, कारण त्या काळी पाय घालून पाडत असत आणि तरी तो उठून गोल करायचा. मी मध्ये बोलायला गेले तर ईशान म्हणाला, "आजी, तुला फुटबॉलमधलं काय कळतं?" प्रश्न रास्त होता. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईकडे पाहून कोणालाही तो सुचेल. पण तुमचा हाच वाद आमच्या अमरावतीच्या घरात एक अख्खा हिवाळा चालला होता, आणि त्याचा निकाल ज्या कागदावर लागला तो कागद मी तयार केला होता. पुढच्या गुरुवारी माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. महिनाभर लिहायचं नाही असं डॉक्टर म्हणतात, म्हणून हे आत्ताच लिहून काढते. अडेल तिथे आईला विचारा. वऱ्हाडी बोलणं तिलाही अडलं तर मला फोन करा.

अंबागेटच्या आतलं आमचं घर माणसांनी आणि आवाजांनी भरलेलं असे. सकाळी कापसाच्या जिनिंगचा भोंगा झाला की आई चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवायची. त्यानंतर ओट्यावर बाबांचे पक्षकार येऊन बसत, बरेचसे खेड्यातले, आणि त्यांच्या तंबाखू मळण्याच्या टाळ्या आत माजघरापर्यंत ऐकू येत. बाबा वकील होते आणि दिवसभर कोर्टात बोलत असल्यामुळे घरी फारसे बोलत नसत. ती उणीव त्यांचे थोरले भाऊ, आमचे तात्याकाका, भरून काढायचे. काका हायस्कुलात गणित शिकवत. उंच, हात गुडघ्यापर्यंत आलेले, आणि त्या हातांची बोटं दोन ठिकाणी मोडून वाकडी जुळलेली. काकांना मूलबाळ नव्हतं, म्हणून मी आणि माझा भाऊ, दादा, काकूच्या वाट्याला जास्त असायचो. काकू कौंडण्यपूरकडची. थंडीत ती सांबारवडी करायची. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. दादा एका वेळी सहा वड्या खायचा आणि सातवी माझ्या ताटातून उचलायचा. घरात आम्ही सगळे वऱ्हाडीच बोलायचो. पुस्तकी मराठी मी कॉलेजात शिकले, इंग्रजीबरोबरच.

तात्याकाका तरुणपणी अमरावतीच्या संघाचे गोलकीपर होते. त्या वेळचा त्यांचा एक प्रसंग घरातल्या सगळ्यांना पाठ होता, कारण ते तो प्रत्येक पाहुण्याला सांगत. शील्डच्या स्पर्धेचा अंतिम सामना, समोर अकोल्याचा संघ, आणि अकोल्याकडून हिवरखेडचे किसनराव. किसनराव शेतकरी. अनवाणी खेळत. दोन्हीकडून गोल नाही, शेवटची काही मिनिटं उरलेली, आणि किसनरावांनी उजव्या अंगानं वीस हातांवरून असा बॉल मारला की काका हलायच्या आत तो जाळीत. काका हे सांगताना दोन पाट उभे करून गोल करत आणि लिंबाचा बॉल. शेवटी लिंबू पाटांमधून घरंगळत गेलं की म्हणत, "आपण हरलो त्याचं मले दुःख नाही. ज्याच्याकडून हरलो तो माणूस पाहा. असा गोल करणारा वऱ्हाडात पुन्हा झाला नाही." काकूनं ही गोष्ट कधी बसून ऐकलेली मला आठवत नाही. लिंबू बाहेर आलं की ती आत जायची.

आता एक चाल सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात चिखल होते आणि थंडी सरता सरता तडकते. भेगा पडतात, काही तर हात जाईल एवढ्या. मैदानही त्याच मातीचं. सामन्याआधी बाकीचं मैदान क्लबची माणसं राख-मातीनं बुजवत, पण गोलसमोरची जागा ज्या त्या गोलकीपरनं स्वतः बुजवायची असा रिवाज होता. हातात घमेलं घेऊन, वाकून, एकेक भेग चाचपत. मध्यंतरात बाजू बदलली की पुन्हा नव्या बाजूला तेच, कारण समोरच्या गोलकीपरनं बुजवलेल्या भेगांवर कोण विश्वास ठेवणार? त्यातूनही एखादी भेग राहिली आणि तिच्यावर आपटून बॉल आत गेला तर त्याला भेगेचा गोल म्हणत. तो संघाला मिळायचा, पण कोणत्याही खेळाडूच्या नावावर चढत नसे. नाव व्हायचं ते गोलकीपरचं. पुढची चार वर्षं बाजारात भाजीवालीसुद्धा त्याला विचारायची, "काहो, घमेलं फुटलं होतं काय?"

मी कॉलेजात इंटरला होते त्या वर्षी दादाला इस्माईलचं वेड लागलं. इस्माईल अकोल्याच्या एका प्रेसिंगमध्ये, कापसाच्या गाठी बांधायच्या कारखान्यात, कामाला होता, आणि पायात बूट घालून खेळायचा. अमरावतीच्या मैदानावर मी त्याला एकदा पाहिलं. बारीक, सावळा, खेळ चालू नसला की कंटाळलेला दिसायचा. मग बॉल त्याच्यापाशी आला आणि मैदानातली सगळी माणसं एका दमात उभी राहिली. दादा घरी येऊन म्हणाला, "तात्या, तुमचे किसनराव याच्यासमोर काहीच नाही." काका म्हणाले, "तू पाहिलं काय किसनरावले?" दादा म्हणाला, "पाहाचं काय त्यात? त्या काळात गोल करणं कठीण होतं काय? गोलकी तरी कुठं होते धड?" बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण कोणासमोर बोललो. आई वाढता वाढता थांबली. काकूला मात्र हसू आवरेना, ती पदर तोंडाला लावून आत पळाली. काका दोन दिवस दादाशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी बोलले ते हेच: "बुटात पाय घातला की म्हशीले पण गोल करता येते."

त्याच सुमाराला शील्डचे सामने भरवणाऱ्या आमच्या क्लबनं ठरवलं की त्या सामन्यांत सर्वांत जास्त गोल करणाऱ्याचं नाव रंगवून एक फळी क्लबच्या खोलीत लावायची. जुने सामन्यांचे कागद काकांकडेच पेटीत होते. सेक्रेटरींनी काम काकांना दिलं आणि काकांनी मला, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मला तक्ते करायची हौस होती. ती आजही आहे. तुमच्या आईला लसी कधी दिल्या त्याचा तक्ता माझ्याकडे अजून निघेल. मी मोठा कागद घेतला, पट्टीनं रेघा मारल्या. एका बाजूला किसनराव, दुसऱ्या बाजूला इस्माईल. मग दादा म्हणाला की नुसते गोल मोजून भागणार नाही, हल्लीचे सामने जास्त वेळाचे असतात हे खरं, पण हल्ली बचाव करणारेही जास्त शिकलेले असतात. मी त्यासाठी रकाना वाढवला. काका म्हणाले, पायात काय होतं ते लिही. आणखी एक रकाना. बॉल जुना चामड्याचा, दव पडलं की दगडासारखा जड, त्याचा एक. शेवटी कागदाला कागद चिकटवावा लागला. काका माझ्या खांद्यावरून वाकून पाहत म्हणाले, "सुधे, आधी एकक ठरव. शेर अन् किलो एका ओळीत मांडून बेरीज करशील तं मी नापास करीन." शेर जाऊन किलो नुकतेच आले होते, आणि काकांच्या वर्गात त्यावर रोज रडारड होती.

एकक काही ठरलं नाही. क्लबला रकाने नकोच होते, त्यांना फक्त आकडा हवा होता. तो काढला तर दोघांचे गोल अगदी सारखे निघाले. काका खूश. "फळीवर दोन नावं लिहाले सांगू." पण किसनरावांच्या बाजूला एक गोल असा होता की ज्याच्यासमोर कागदात कोणाचंच नाव नव्हतं. तोच, अंतिम सामन्यातला. त्या दिवशीच्या कागदावर नुसतं 'अकोला एक, अमरावती शून्य' एवढंच. मी म्हटलं, याला पुरावा काय? काका म्हणाले, "मी आहे ना. माझ्यावरून गेला तो." वकिलाच्या घरात वाढल्याचा परिणाम असेल, मी म्हटलं, तुम्ही एका बाजूचे साक्षीदार. दुसऱ्या बाजूलाही विचारायला हवं. बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "बरोबर आहे तिचं." घरात बाबांचं एवढंच वाक्य पुरे होई. आजही वाटतं, मी तेव्हा गप्प बसले असते तर काकांची गोष्ट त्यांना मरेपर्यंत पुरली असती.

संक्रांतीला आई अकोल्याला तिच्या माहेरी जायची होती. तिच्यासोबत मी आणि काका निघालो, आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याहून एसटीनं आम्ही दोघं हिवरखेडला गेलो. काका इस्त्रीचा कोट घालून बसले होते. एवढ्या वर्षांत ते किसनरावांना भेटले नव्हते आणि वाटेत तीनदा म्हणाले, "ओळखतील काय मले?"

किसनराव शेतात होते. पिकल्या मिशा, खाली धोतर, पाय अनवाणी. ते पाय मी पाहतच राहिले. बोटं एकमेकांपासून सुटी, रुंद, जमीन धरून ठेवल्यासारखी. त्यांनी काकांना लांबूनच ओळखलं. "मास्तर! आज वाट चुकले काय बाप्पा?" मग आम्हाला बोरीखाली बसवलं, त्यांच्या सुनेनं गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजली आणि गरम हुरडा समोर आला, सोबत तिळाची चटणी आणि गूळ. एवढा गोड हुरडा मी पुन्हा खाल्ला नाही. तुमच्याकडे मिळणाऱ्या कुठल्याच गोष्टीशी त्याची तुलना करता येत नाही, म्हणून करत नाही.

काकांनी इस्माईलचं नाव काढलं. किसनराव म्हणाले, "पायलं म्या त्या पोट्ट्याले. बाजाराले गेलतो अकोल्याले, तं बैल सोडून मैदानावरच गेलो." काकांनी विचारलं, "मग? कसा आहे?" किसनराव हुरडा चोळत बसले. "माहा एकच पाय होता मास्तर. उजवा. डावा नुसता उभं राहाले. त्याले दोन हायेत." मग म्हणाले, "पन उन्हात तापेल बॉल उघड्या पायानं मारून पाह्य म्हनावं एकडाव." आणि स्वतःच हसले.

मी कागद काढून एकेक गोल वाचू लागले. ते मान हलवत होते, मध्येच एखाद्याला "तो तं सोपा होता" म्हणत होते. शेवटचा अंतिम सामन्यातला वाचला.

"तो लिहू नको बाई," ते म्हणाले.

काका म्हणाले, "काहून?"

"तो माहा नाई. तो भेगेचा हाय."

काकांच्या हातातला हुरडा तसाच राहिला. "किसनराव, तुमी विसरले. उजव्या अंगानं, वीस हातावरून—"

"मास्तर, पाय माहा हाय. त्यानं काय केलं ते मले मालूम. मी गोलवर मारलाच नोता. तिकून आमचा गडी पयत येत होता, त्याले टाकला म्या बॉल. तो भेगेवर पडला अन् सशावानी उडाला."

"धूळ उडाली होती. तुम्हाले दिसलं नसेल."

"धूळ तुमच्या डोयात होती. माह्या नाई."

"रेफरीनं गोल दिला!"

"देल्ला ना. अकोल्याले देल्ला. मले कुठं देल्ला?"

"अहो, घ्या ना तो गोल! एवढी वर्षं तुमचाच आहे!"

"नाई घेत. काहून घेऊ?"

दोन पिकलेली माणसं एक गोल एकमेकांच्या अंगावर ढकलत होती आणि किसनरावांची सून पदराआड हसत होती. मला हसू आलं नाही. तो गोल भेगेचा ठरला तर फळीवर एकट्या इस्माईलचं नाव लागणार होतं, पण काका तेवढ्यासाठी लढत नव्हते हे मला त्यांच्या तोंडाकडे पाहून कळलं. किसनरावांचा गोल असेल तर काका एका मोठ्या खेळाडूकडून हरले होते. भेगेचा असेल तर त्यांनी भेग बुजवली नव्हती, आणि अमरावतीचं शील्ड त्यांच्यापायी गेलं होतं.

शेवटी काकांनी विचारलं, "मग त्या दिवशी काहून नाही सांगितलं?"

"सांगनार होतो. गड्यायनं खांद्यावर घेतलं. खाली उतरवलं तं तुमी समोर उभे. हात धरला माहा अन् म्हने, असा गोल जन्मात पायला नाही. आता तुमी एवढं मोठं मन केलं, मंग म्या काय बोलू?"

परतीच्या गाडीत काका खिडकीबाहेर पाहत होते. कपाशी वेचून झालेली शेतं, पऱ्हाट्या उभ्या. अकोट गेलं. मग एकदम म्हणाले, "वय झालं त्याचं." मी मांडीवर कागद उलगडला. माझ्या तक्त्यातला एक चौकोन रिकामा राहिला होता, आणि मला रिकामे चौकोन आवडत नाहीत.

अमरावतीला आल्यावर रविवार आला. काकू गोळ्यांची कढी करत होती, डाळीचे गोळे उकळत्या कढीत एकेक सोडत. काका पलीकडे माजघरात वह्या तपासत बसले होते. मी काकूला हळूच सगळं सांगितलं आणि विचारलं, "काकू, काकांसारखा माणूस भेग बुजवायची कशी विसरेल? ते तर फळ्यावरचा ठिपकासुद्धा विसरत नाहीत."

काकूनं गोळा सोडता सोडता हात थांबवला. "विसरले नाई ते. माह्यापाशी आलते."

"म्हणजे?"

"अवं, लग्न होऊन तीन महिने झालते. घरात दिवसा एकमेकाचं तोंड पाहाची सोय नोती, सासूबाई समोर. त्या दिवशी नणंदायनं हट्ट करून मले दमणीत घालून मैदानावर नेलं. दोन बैलायची, वरून पडदा. निंबाखाली उभी केली. नणंदा पयल्या तिकडं पाहाले. हे मध्यंतरात घमेलं घेऊन निंगाले ते सीधे पडद्यापाशी."

"काय म्हणाले?"

"काई नाई. पाणी मांगतलं. म्या देल्लं. संत्रं सोलत होती, तं अर्धं देल्लं. ते खाल्लं. मंग उभेच राह्यले." ती कढीकडे पाहत होती, पण तिचे कान लाल झाले होते. "शिट्टी वाजली तं पयाले. मातीनं भरेल घमेलं तसंच राह्यलं चाकापाशी."

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला. काकूला तो ऐकू आला होता, कारण पुढचं ती माझ्याकडे पाहून पण माजघरात ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "शील्ड गेलं म्हणून मले काई वाटलं नाई बाई. पन एवढ्या वर्सात हजारदा तो लिंबू लोळवला यायनं, अन् एकदा तरी म्हटलं का, मी हिच्यापाशी गेलतो म्हणून? लिंबू पाहाले मले बरं वाटत असन काय?"

काका उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. चष्मा कपाळावर. मला वाटलं रागावणार. ते म्हणाले, "लाज वाटली होती मले."

"कशाची? माही?"

"भेगेची," काका म्हणाले. "आधी एक सांगितलं, आता दुसरं कसं सांगू, असं करता करता राहून गेलं."

"भैताड हाय तुमी," काकू म्हणाली. भैताड म्हणजे बावळट; मी तिला त्यांच्याशी असं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. तिनं शेवटचा गोळा सोडला आणि मला पानं मांडायला सांगितलं.

जेवण झाल्यावर काकांनी माझा तक्ता मागितला. रिकाम्या चौकोनात त्यांनी स्वतः शून्य घातलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ काहीतरी लिहीत बसले. दादा डोकावून गेला आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "इस्माईल जिंकला." पण ओरडला नाही. नंतर आठवडाभर तो काकांना पान लावून देत होता, न सांगता.

फळीवर इस्माईलचं नाव लागलं. ती लावताना काका पुढच्या रांगेत बसले होते, आणि या वेळी काकूही आली होती, पडद्याशिवाय. इस्माईल आला तेव्हा काकांनी त्याचा हात धरून किसनराव त्याच्याबद्दल काय म्हणाले ते सांगितलं. त्यानं विचारलं, "ते खेळायचे तेव्हा तुम्ही गोलमध्ये होते ना, मास्तर?" काका हो म्हणाले, आणि मग त्याला पूर्ण गोष्ट सांगितली, दमणीसकट. लोक हसले. काकूही हसली. पाट आणि लिंबू त्यानंतरही निघत असत, पण गोष्ट आता मध्यंतरापासून सुरू व्हायची आणि ती काकू सांगायची.

तर तुमच्या वादाबद्दल. मी इस्माईलला एकदाच खेळताना पाहिलं आणि किसनरावांना कधीच नाही. माझे सगळे रकाने भरले असते तरी मला उत्तर आलं नसतं असं आज वाटतं. ईशानचा आकडा बरोबर आहे आणि मीराचं म्हणणंही खोटं नाही. एवढंच करा की आपल्या खेळाडूचा एखादा गोल समोर आला, तर तो त्यानं मारला की भेगेनं, ते जरा नीट पाहा. तुमच्याकडची मैदानं हिरवी आणि गुळगुळीत असतात, तरीही.

क्लबची खोली पाडून तिथे दुकानं झाली. फळी कुठे गेली ते चौकशी करूनही मला कळलं नाही. काका, काकू, किसनराव, कोणीच राहिलं नाही, आणि दादाही गेल्या वर्षी गेला. तक्ता माझ्या कपाटात आहे, घडीवर फाटलेला. शेऱ्याच्या रकान्यात काकांच्या फळ्यावरच्या सरळ अक्षरात असं लिहिलेलं आहे: 'हा गोल भेगेचा. भेग माझ्या हद्दीतली. मध्यंतरात मी पत्नीस भेटण्यास गेलो होतो.' खाली सही आहे. शाई थोडी फिकी झाली आहे, पण वाचता येते.